खवणीचा दांडा

“बाबा, या लेथवर तुम्ही आजवर असं काय बनवलंत, जे लेथलाच लागत नाही?”

शलाका हे विचारणारच नाही, अशी तिच्या वर्गातल्या श्वेता आणि प्रणीतची तिच्याशी पैज होती. तिने विचारलं, आणि तेही त्या दोघांसमोर, बाबा त्यांना मोठ्या प्रेमाने आपली शेड दाखवत असताना. श्वेता ताबडतोब छताचे पत्रे न्याहाळू लागली.

शलाकाचे बाबा, मकरंदराव, सरकारी संशोधन संस्थेत मोठे साहेब. बंगळुरात बसवनगुडीतल्या घरामागे त्यांनी पीण्याच्या कारखान्यांतून एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, आणून बसवला होता. “आजच्या मुलांचे हात काळे व्हायला हवेत” हे वाक्य बहुधा त्या लेथवर फुकट मिळालं असावं, कारण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागायचं. स्वतःच्या मुलीसाठी मात्र त्यांनी जे. पी. नगरमधला आयआयटीचा क्लास ठरवून टाकला होता. शलाकाला दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. आरशासमोर हे ती झकास बोलायची. जेवायला बसलं की आमटीबरोबर गिळायची.

“ही उभी स्लाइड काय दिसत नाही तुला?” बाबा दुखावले. “एरवी लेथवर काम फिरतं आणि हत्यार स्थिर. ही बसवली की उलटं. कटर फिरणार, काम स्लाइडवर. म्हणजे लेथवरच मिलिंग!”

“पण काका, ती लेथलाच लागते ना?” प्रणीतने अगदी नम्रपणे विचारलं.

“बरं, हा स्टँड?”

“त्यात लेथची हत्यारं आहेत,” शलाका म्हणाली.

तेवढ्यात आई दारात आली. तिच्या हातात फिरवायची नारळखवणी होती. “उगादीपासून सांगतेय, दांडा झिजलाय. मूठ गरगर फिरते, पातं ढिम्म. बनवा की नवा, मुलंही बघतील.”

आता माघार कसली! बाबांनी सळई लावून दांडा सुरेख कातला. मूठ घट्ट बसायला टोकाला दोन सपाट बाजू हव्या होत्या, म्हणजेच मिलिंग. दांडा स्लाइडवर आवळला, कटर ड्रिल चकच्या जबड्यांत धरला आणि त्या चकची निमुळती शेपटी लेथच्या तोंडात ठोकून बसवली.

“बाबा, मागून बोल्ट लावून ओढून धरा ना. मिलिंगमध्ये बाजूने धक्के बसतात. निसटेल ते.”

“घर्षण म्हणजे काय, हे शिकवलंय का अजून शाळेत?” असं म्हणून बाबांनी खडूने जमिनीवर कोन काढला, बाण काढले. मुलांनी प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं सगळं ऐकून घेतलं.

घर्षणाने बहुधा ते व्याख्यान ऐकलं नव्हतं. मशीन सुरू झालं, चक थरथरला, सुटला, कटर दांड्यात घुसून तुटला आणि सगळं लटांबर धाडकन खालच्या ट्रेमध्ये पडलं. बाबांनी लाल बटण दाबलं.

“व्होल्टेज,” ते गंभीरपणे म्हणाले. “आणि स्टीलही हलकंच दिलंय दुकानदाराने.”

“हो ना,” आई म्हणाली, “नारळही नावाजलेल्या तिपटूरचा नव्हता.”

“बाबा, सरका स्वल्प,” शलाका म्हणाली.

बाबा चक्क सरकले.

तिने वेणी अंबाड्यात कोंबली, गॉगल चढवला. लेथचा स्वतःचा तीन जबड्यांचा चक बसवला आणि नवा कटर थेट त्यात आवळला. दांड्याचं दुसरं टोक शाबूत होतं, ते पुढे घेतलं. मग कटर फिरत होता त्याच्या विरुद्ध दिशेने, पापुद्र्याएवढा पातळ काप घेत, काम सरकवत राहिली.

“अगं किती हळू! संध्याकाळ होईल!”

“होऊ दे,” आई म्हणाली. “उगादीपेक्षा जवळ आहे.”

एक बाजू झाली, दांडा उलटून दुसरी झाली. मूठ टक्कन बसली. श्वेताने शिट्टी मारली. आईने तिथल्या तिथे मूठ फिरवली, आणि पातं मुकाट्याने फिरू लागलं.

“बघितलंत?” बाबा मुलांकडे वळले. “माझ्या स्लाइडची कमाल! आणि पोरगी कुणाची? ही आयआयटीत नाही जाणार तर कोण जाणार?”

आईची मूठ थांबली. शलाकाच्या पोटातून ते जुनंच वाक्य वर आलं. गिळायला या वेळी आमटी नव्हती, आणि तिला ती नकोही होती. तिने गॉगल कपाळावर सरकवला.

“आई, बाबा, मी त्या क्लासला जाणार नाही. दहावी झाली की मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जाणार. ठरलंय माझं.”