लाल रंगातली रुकावट

हरिदासच्या दुकानात एरवी लग्नपत्रिका छापल्या जात, पण त्या दिवशी दोरीवर वाळत होते ते त्याच्या हौसेचे कागद. गडचिरोलीत टीव्ही आल्यापासून कार्यक्रम मधेच बंद पडला की 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी यायची आणि अख्खी गल्ली तिच्याकडेच बघत बसायची. ती पाटी भडक रंगांत छापून नागपूरच्या चित्रप्रदर्शनात मांडायची, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. जाळीच्या फ्रेमनं एका वेळी एकच रंग छापता येतो, म्हणून सकाळी त्यानं लाल उरकला. पहिला कागद जरासा फिसकटला, तो बाजूला टाकला. लाल फ्रेममध्ये एकच शब्द होता, 'रुकावट'. बाकीचे काळ्यात यायचे होते.

आणि दुपारी तीनला नेमके फौजदार आत शिरले. आठवड्यापूर्वी एटापल्लीच्या रस्त्यावर दादालोकांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, झाडं आडवी पाडून लाल पत्रकं लावली होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फौजदार दोरीखालून सावकाश फिरले. बारा कागद, बाराही लाल, बारांवर 'रुकावट'.

"कोणासाठी छापून राह्यला बे?"

हरिदासला झिंगू सुतार आठवला. मागल्या महिन्यात चौकशीला नेलेला तो अजून घरी आला नव्हता.

"साहेब, हे टीव्हीवरचं आहे. अजून पुरं व्हाचं आहे."

"मंग कर पुरं. माह्यासमोर."

कागदाच्या कोपऱ्यातली खूण जुळवायला त्याला कधी क्षणही लागत नसे, आज ती जुळता जुळेना. कशीबशी काळी शाई ओतून त्यानं रबराची पट्टी ओढली, फ्रेम उचलली. खाली तिरकं उमटलं, 'के लिए खेद है'.

आधी शिपाई हसला. "साहेब, हे तं आपल्या क्वार्टरातबी रोज दिसते."

फौजदारही हसले, पण बारावा कागद होईस्तोवर हलले नाहीत. जाताना म्हणाले, "एकबी लाल कागद असाच सापडला, तं तुले सोडनार नाई."

ते गेले तसा हरिदास खाली बसला. बायको सत्यशीलानं पाणी आणून दिलं. दोन घोट पोटात गेले आणि त्याला आठवलं.

"सकाळचा तो खराब कागद कुठी आहे?"

"त्याच्यात मुखरूच्या भाकरी बांधून देल्या जी. काऊन?"

मुखरू तिचा भाऊ. रस्त्याच्या कामावर म्हणून बाराच्या बसनं एटापल्लीला निघालेला. तिथल्या नाक्यावर पोलीस प्रत्येकाची पिशवी उघडून बघत. बस पाचला पोचायची. त्या बाजूला दुसरी गाडी उद्या सकाळीच होती.

फौजदारांची जीप अजून समोरच्या पानठेल्यापाशी उभी होती. तिच्यातल्या वायरलेसवरून नाक्यावर निरोप जाऊ शकत होता. हरिदासनं दोरीवरून पुरा झालेला एक ओला कागद काढला आणि चप्पल न घालताच तो जीपकडे निघाला.