बिनसांध्याचं गवत

"अगं, हे लॉन आहे की मोझॅकची फरशी?" अश्विनीच्या खुर्चीमागे उभं राहून नृसिंह सर म्हणाले.

अश्विनीलाही ते दिसत होतंच. तिसगावला बांधायच्या घराच्या पडद्यावरच्या भिंती, व्हरांडा, खिडक्यांच्या काचा, सगळं झकास उतरलं होतं. पुढच्या अंगणात मात्र गवताचे चौकोन सुटे सुटे दिसत होते. एका छोट्या फोटोचा तुकडा कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडत जाई, आणि त्या तुकड्यातलं एकच पिवळं पातं अंगणभर रांगेनं चाळीस ठिकाणी उगवलं होतं.

"पार्टी दुपारी येतेय. बघ काय करतेस."

सत्त्याण्णव साल ते. तेव्हा नगर शहरात अशी चित्रं कॉम्प्युटरवर काढणारी ऑफिसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांत हे काम येणारी मुलगी अश्विनी एकटीच, असं सर आल्यागेल्याला सांगत. गवताचा फोटो तिनंच काढला होता, लष्करी कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यापुढं, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून. माळी रबरी नळीनं पाणी मारत होता. तिच्या चपला ओल्या झाल्या होत्या.

तिनं फोटोचे चार तुकडे केले. त्यांच्या जागा अशा बदलल्या, की कडा मधोमध आल्या. मग इकडची तिकडची पाती उचलून त्या सांध्यावर एकेक करून बसवली. वाळकं काही दिसलं की पुसून टाकलं. दुपारी प्रिंट निघाला तेव्हा सांधा कुठं होता ते तिचं तिलासुद्धा सापडेना. आपल्या हातून झालेल्या कामाकडे ती बघतच राहिली.

पार्टी म्हणजे गहिनीनाथ, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, आणि त्यांची बायको गोजरबाई. गोजरबाईंनी चित्र मांडीवर घेतलं.

"आन् ह्ये हिरवं काय म्हनायचं?"

"लॉन, काकू."

"पर तिथं तर म्या फरशी सांगितली हुती. कुरडया घालाया."

"कुरडया गच्चीवर घाला की!" सर हसले. "घराला शोभा कशानं येते? बघा तर खरं."

गोजरबाईंनी चित्रातल्या गवतावरून बोट फिरवलं. मग सरांना सोडून त्यांनी अश्विनीला विचारलं, "लई पानी पेत आसंल, न्हाई का?"

अश्विनीला ठाऊक नव्हतं. तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांपुढं मूठभर मातीही नव्हती. 'माहीत नाही' म्हणणं सोपं होतं. पण सर बघत होते, आणि ते बोट अजून तिच्या गवतावरच होतं.

"नाही हो काकू. फारसं नाही लागत."

"बग! म्याडमच म्हंत्यात म्हंल्यावर!" गहिनीनाथांनी मांडीवर थाप मारली. अंगणातली फरशी तिथंच रद्द झाली.

पुढं दोन वर्षांनी, मे महिन्यात, एका डॉक्टरांच्या दवाखान्याची मापं घ्यायला अश्विनी तिसगावला गेली. काम लवकर आटपलं. गाडीला दीड तास अवकाश होता. आपलं घर बघून यावं, असं तिच्या मनात आलं. आपलं घर, असंच.

फाटकाशी ती थबकली. नर्सरीतून आणतात तसे गवताचे चौकोनी थर अंगणात लावलेले होते, आणि वाळून, आक्रसून त्यांच्यामधल्या फटी चांगल्या बोटभर रुंद झाल्या होत्या. भर उन्हात गोजरबाई एकेका चौकोनावर तांब्यानं पाणी घालत होत्या. अश्विनीला पाहताच त्यांनी पदर सारखा केला आणि त्या चटकन गवताच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या. झाकायला म्हणून.

"आत या म्याडम, आत या. हिकडं नका बघू."

आत भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, तेच चित्र होतं.

"गल्लीतली पोरं इचारत्यात," गहिनीनाथ हसत म्हणाले, "डायवर, तुमचं खरं घर कंचं? भितीवरलं का खालचं? आवो, आठ-आठ दिसांनी टँकर येतो. निम्मं पानी ही त्या गवताला घालती. गुडगा गेला, पर घागर सुटंना."

"गप बसा वो." गोजरबाई अश्विनीकडे वळल्या. "तुमी येवढं झ्याक काडून दिलं. आमच्यानं राकनं झालं न्हाई. दोनदा आनून लावलं. म्हंलं, म्याडम कवातरी येतील, तर काय म्हंतील?"

'हवाच तशी आहे हो इकडची,' एवढं म्हटलं की संपत होतं. तोंडाशी आलंही होतं. पण मग उद्याही ही बाई ती घागर उचलणार होती.

"काकू, ते गवत इथलं नाही. कॅम्पातल्या बंगल्यातलं आहे. तिथं माळी रोज नळीनं पाणी मारतो. मी फोटो काढून आणला आणि वाळकं होतं ते पुसून टाकलं." अश्विनी पुढं म्हणाली, "पाणी किती लागतं ते मला माहीतच नव्हतं. तुम्ही विचारलंत, आणि मी उगाच ठोकून दिलं."

गहिनीनाथांचं हसू मावळलं. गोजरबाई चित्राकडे बघत राहिल्या.

"मला वाटलं, माझाच हात वाईट हाय," त्या हळूच म्हणाल्या. "औंदा वालाच्या बिया बी म्या शेजारच्या कडूबाईकडनं लावून घेतल्या."

अश्विनीला मान वर करवेना. कुणी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. कुणी सुनावले नाहीत. गोजरबाई चहा ठेवायला उठल्या, भिंतीला धरून, गुडघ्यावर हात ठेवून.

स्टँडवर सोडायला गहिनीनाथ आले. नको नको म्हटलं तरी आले. गाडी लागली तशी त्यांनी कंडक्टरला हाक मारली, चारचौघांना ऐकू जाईल अशी.

"गोरक्षनाथ, ह्या आमच्या घराच्या इंजिनेर बाई. नगरला चालल्यात. फुडं बशिव त्यान्ला."

"या की म्याडम." कंडक्टरनं पिशवी उचलून ड्रायव्हरमागची जागा रिकामी करून दिली. गाडी हलली तेव्हा गहिनीनाथांनी खालून हात जोडले.

करंजीला एक बाई लेकराला कडेवर घेऊन चढली. गाडी गच्च भरली होती. अश्विनी उठून उभी राहिली.

"बसा."

"आन् तुमी?"

'मला इथंच उतरायचंय,' असं अश्विनीच्या ओठांवर आलं होतं. नगर अजून तासाभराच्या वाटेवर होतं.

"मला लांब जायचंय," ती म्हणाली, आणि दांडा धरून उभी राहिली.