बंद टेपचे श्रोते

अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर भरून ठेवायची, हे काम आकाराम मास्तरांनी निवृत्तीनंतर मंगळवार पेठेतल्या एका माडीवर सुरू केलं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. पण दार लावून, समोर पुस्तक आणि टेप घेऊन बसले की आवाज मोकळा होई. तो आवाज आपलाच का, अशी त्यांना पुष्कळदा शंका यायची.

माडीवर ऐकत बसायला कोणी येत नसे. लोक कॅसेट घरी नेत. हुपरीच्या झुंबरबाई एसटीनं यायच्या, ऐकून झालेली कॅसेट टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "फुडची द्या, मास्तर." घरी त्या पैंजणांना घुंगरू लावायचं काम करत. बोटांना सवय होती, कान मोकळे असत.

पेठेतल्या दुकानदारांच्या वर्गणीवर हे चाललं होतं. ती आटत गेली आणि माडीचं भाडं थकलं. तेव्हा संस्थेचे खजिनदार बाळासो, ज्यांचं खाली कापडाचं दुकान होतं, त्यांनी शिरोलीची एक लोखंड ओतणारी फौंड्री गाठली. फौंड्रीकडून संयोगिता नावाची अधिकारी येऊन बोलून गेली.

"आम्हाला एकदा देणगी देऊन मोकळं व्हायचं नाही," ती म्हणाली. "दरवर्षीचा खर्च आम्ही उचलू. आमचे कामगार येऊन पुस्तकं वाचतील. पण आधी मालक एकदा काम बघतील."

कामगार वाचणार, हे ऐकून मास्तरांना मनापासून आनंद झाला. बघण्यासारखं इथं काही नाही, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. तेवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"रिकामी खोली आन तुमी, ह्ये बघून कोण भाडं देतंय?" ती गेल्यावर बाळासो म्हणाले. "कंपनीला माणसं दिसाय पायजेत. कॅसेट नेणाऱ्या बायकांना बोलवा, कानाला हेडफोन लावून बसवा."

"पण त्या इथं ऐकत नाहीत."

"एक दिवस ऐकतील की. तुमच्यासाठी एवढं करणार न्हाईत व्हय?"

मास्तरांनी स्वतःच फोन केले. हुपरीत झुंबरबाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन होता.

त्या दिवशी सहा-सात बायका लवकर येऊन बसल्या. बाळासोंनी उसने मागून आणलेले टेप सुरू झाले. पाहुण्यांची गाडी खाली लागली आणि वरचा पंखा मंद होत थांबला. भारनियमन. त्या वर्षी लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, तरी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

झुंबरबाईंनी हेडफोन काढला. "बंद पडलं, मास्तर."

जिन्यावर पावलं वाजत होती. मास्तर त्यांच्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "असू द्या. पाहुणे जाईपर्यंत लावूनच बसा."

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. मग हेडफोन पुन्हा कानावर चढवला. बाकीच्यांनीही चढवले.

फौंड्रीचे मालक राजशेखर वर आले. बाळासोंनी त्यांना फेटा बांधला, शाल दिली. संयोगितानं फोटो काढले. राजशेखर बायकांमधून फिरत झुंबरबाईंपाशी थांबले.

"काय ऐकताय, मावशी?"

"गोष्ट हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "एक बाई हाय, नदी वलांडून म्हायेरला निघालीया."

मागच्या महिन्यात नेलेल्या कॅसेटमधली ती गोष्ट होती. राजशेखरांनी हात पुढे केला. "बघू जरा."

हेडफोन कानाला लावून ते उभे राहिले. ऐकता ऐकता त्यांची नजर वरच्या पंख्यावर गेली आणि तिथंच राहिली. मास्तर खाली फरशीकडे बघत होते. थोड्या वेळानं राजशेखरांनी हेडफोन काढून झुंबरबाईंच्या हातात दिला.

"चांगलं वाचलंय," ते म्हणाले.

निघताना जिन्याच्या तोंडाशी त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. आवाज चढलेला नव्हता. "आमची भट्टी लाइट बघूनच पेटते, मास्तर. आमच्यातबी मोठं गिऱ्हाईक आलं की बंद मशीनवर माणसं उभी करावी लागतात. पण त्यांना पगार असतो."

मास्तरांनी मान हलवली. कशासाठी हलवली ते त्यांनाही कळलं नाही.

"करार करतो. काम खरं असणार, मावशीला गोष्ट पाठ हाय. पण पुन्हा कुणाला असं बसवू नका."

गाडी गेल्यावर बाळासोंनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "जमलं की! फोटो तर काय झकास आलाय म्हणत होती संयोगिता."

"काढू का आता?" खोलीतून झुंबरबाईंनी विचारलं.

बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरल्या. झुंबरबाईंनी जुनी कॅसेट टेबलावर ठेवली होती. फुडची मागितली नाही. द्यायचं मास्तरांना धाडस झालं नाही.

बाळासोही दुकानात गेले. मग लाइट आली. टेपची बटणं दाबलेलीच होती. सगळे टेप एकदम सुरू झाले आणि खुर्च्यांवर पडलेल्या हेडफोनांमधून मास्तरांचाच बारीक आवाज येऊ लागला, कुठंही न अडखळणारा, आपल्या बोलण्याची पुरी खात्री असलेला. त्यांनी एकेक टेप बंद केला. कपाटातून झुंबरबाईंची पुढची कॅसेट काढली आणि चप्पल घालून ते स्टँडकडे निघाले.

हुपरीची गाडी फलाटाला लागली होती. झुंबरबाई खिडकीशी होत्या, हात गजावर. त्यांना काय म्हणायचं ते मास्तरांनी वाटेत ठरवलं होतं. वाक्य सोपं होतं. पण एक शब्द उच्चारला की त्या आवाज ओळखणार होत्या, आणि तोच आवाज मघाशी त्यांच्या कानाशी वाकला होता.

मास्तरांनी कॅसेट गजातून पुढं करून त्यांच्या बोटांना टेकवली. झुंबरबाईंनी ती घेतली, चाचपली.

"मास्तर?"

मास्तर खिडकीखाली उभे राहिले. कंडक्टरनं घंटी दिली.

"मास्तर, तुमीच हाय न्हवं?"

गाडी मागं सरकू लागली, तरी ते बोलले नाहीत.