विद्येची दोन झाडं

माणसाची खरी संस्कृती त्याच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या झाडावरून कळते, असं गंगाधर सरांचं ठाम मत होतं. पोलादपूरच्या नर्सरीतून दोन मोरपंखी घरी आणल्या, त्या दिवशी संध्याकाळी हे मत तयार झालं. तोवर सरांच्या फाटकापाशी कॉलनीची कचरापेटी होती.

मोरपंखी म्हणजे समईच्या ज्योतीसारखं उभं, बारमाही हिरवं झुडूप. फुलाचा पत्ता नाही, फळ खाण्याजोगं नाही, सावली मांजरापुरती. पण रुबाब मोठा, आणि सरांना रुबाबच हवा होता. महाडातल्या त्यांच्या कॉलनीत दर गुढीपाडव्याला ‘सुंदर अंगण’ स्पर्धा होई. तिच्यात सर दोनदा दुसरे आले होते आणि दोन्ही वेळा पहिला आला होता शेजारचा अश्वजित. अश्वजित पोस्टात क्लार्क. त्याच्या अंगणात झेंडू आणि जास्वंद, तीही आपोआप उगवलेली. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवून आपण आपोआप उगवलेल्या जास्वंदीकडून हरावं, हे सरांना निवृत्तीपेक्षा जास्त लागलं होतं. यंदा पहिला नंबर हवाच होता.

मोरपंखीला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही, आणि महाडात पावसाळ्यात पाण्याला साचण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. सरांनी दोन्ही कुंड्यांना प्लॅस्टिकची इरली शिवून घेतली. सावित्री नदीचं पाणी दासगावात शिरल्याची बातमी आली तेव्हा कॉलनी फ्रिज माडीवर चढवत होती. सरांनी कुंड्या चढवल्या. फ्रिज खाली राहिला. सरांच्या पत्नी अनुपमाबाई हा विषय अजूनही पाहुण्यांसमोरच काढतात.

दिवाळीपर्यंत झुडपं सरांच्या डोक्याच्या वर गेली. दोन्ही अगदी सारखी. सर रोज सकाळी रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि ती सारखी आहेत ना, याची खात्री करून परत येत.

मग दहावीची परीक्षा जवळ आली.

“काय चाललंय गं श्रिया?” समोरच्या क्लासची मुलगी झुडपात हात घालून उभी होती.

“विद्या घेतेय सर.”

“विद्या पुस्तकात असते!”

“तिथेच ठेवणार आहे,” म्हणत श्रियाने पान पुस्तकात दाबलं आणि ती क्लासला पळाली.

मोरपंखीचं पान पुस्तकात ठेवलं की डोक्यात अभ्यास शिरतो, या समजुतीवर सरांनी शाळेत दर वर्षी भाषण दिलं होतं. मुलं ते पानं घालूनच ऐकत. सरांनी आता फाटकावर फलक लावला: ‘या झाडाच्या पानांत विद्या नसते. हात लावू नये.’ हे विद्येचं झाड आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं.

तुडीलच्या नीलाबाई तर एसटीतून उतरून आल्या. “सर, यक पान द्या. पोरगा धावीला हाय.”

“बाई, तो फलक वाचा आधी.”

“वाचला म्हणून तर उतरले. नायतर बाजारात चालले व्हते.”

“अहो, ही झाडं कुठेही मिळतात.”

“झाडं लय हायत. पण मास्तराच्या दारातलं नाय. तुमची विद्या उतरली असंल त्यात!”

सरांनी यावर वैज्ञानिक दृष्टीने विचार केला. दावा चुकीचाच होता, पण त्याचा उत्तरार्ध अगदीच फेकून देण्यासारखा नव्हता. त्यांनी स्वतः चांगलासा तुरा खुडून दिला.

पुढच्या आठवड्यात कशेडीपर्यंतचे पालक आले. सर प्रत्येकाला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावत आणि मग तुरा देत. मोरपंखीची जुनी फांदी एकदा उघडी पडली की पुन्हा फुटत नाही, हे सरांनीच कॉलनीला सांगितलं होतं. रस्त्याकडची बाजू बोडकी झाली. सरांनी कुंड्या फिरवून ती घराकडे केली. मग दुसरी बाजूही गेली. उरले दोन शेंडे.

एका दुपारी अनुपमाबाई स्टुलावर चढून तेही खुडताना सापडल्या.

“अनुपमा! तुझासुद्धा यावर विश्वास?”

“मुळीच नाही.”

“मग?”

“ओजसची परीक्षा आहे. नातवाला विज्ञान तुम्ही शिकवताय. म्हटलं, पोराला काहीतरी आधार असावा.”

सरांनी स्टूल धरलं.

पाडव्याला परीक्षक आले. फाटकाशी थबकले. “सर, हे दोन खराटे इथे उलटे उभे करण्यामागे काही कल्पना आहे का?”

सर मोरपंखीच्या वाढीबद्दल सविस्तर बोलले. परीक्षकांनी तोवर अश्वजितच्या जास्वंदीचे फोटो काढले.

संध्याकाळी अश्वजित पेढे घेऊन आला. “सर, मनाला लावून घेऊ नका. सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर टिकवणं सोपं नसतं.”

“स्पर्धा कडवी असते,” सर म्हणाले आणि त्यांनी पेढा घेतला.

स्पर्धेत दर वर्षी दोनच अंगणं असतात.