चिंचेनं धुतलेला मान

मार्तंड न्हाणीपाशी उकिडवा बसून चिंच-मिठानं पैसा घासत होता आणि इकडे गोपिकाचं डोकं तापलं होतं. पोळा दोन दिवसांवर आलेला, बैलांच्या झुली उन्हात तशाच पडलेल्या, शिंगं रंगवायची बाकी, आणि घरधनी तांबं उजळत बसलेत!

हा कंपनी सरकारच्या काळातला जाडजूड पैसा आजेसासऱ्यांपासून घरच्या बैलाच्या गळपट्ट्यात शिवलेला असे. गावाची रीतच होती, की ज्या जोडीच्या गळ्यात हा काळा पैसा, तीच पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जायची. तो कधी धुवायचा नाही. बैलाचा घाम पिऊन काळा झाला, त्यातच त्याचा मान. सध्या तो धवळ्याच्या गळ्यात होता. धवळ्याला गोपिकानं गोऱ्हा होता तेव्हापासून वाढवलेलं. आता थकला होता बिचारा, पुढचा पोळा पाहील की नाही कोण जाणे.

पण मार्तंडनं मोबाईलवर कुण्या टोपीवाल्याचा व्हिडिओ पाहिला, की असा पैसा लाखाला जातो. त्या दिवशी अक्कल चरायला गेली ती परत आलीच नाही. पारावर साऱ्या गावाला सांगूनही झालं.

"काहून घासून राहिले थो? सासूबाई म्हणत, त्याले पाणी नोको लावू."

"तुले काय समजते वं! पोरगी दाखवाची असते तं तोंड धुऊनच बसवतात ना?"

"आन् धवळ्याचा मान?"

"मान काय चाटाचा हाये? लाख येऊ दे, मंग मानच मान!"

इस्त्रीचा सदरा घालून स्वारी नागपूरला, गांधीबागेतल्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली. संध्याकाळी परतली ती तोंड पाडून. गोपिकानं एकेक शब्द ओढून काढला.

"भिंग लावून पाह्यलं त्यानं. म्हणे, या सालचा पैसा कमीच भेटते. लाखाचा नाही, पण घेणारे हायेत. मंग म्हणे, घासला कोनं? तो जुना रंगच याची किंमत होती. आता मोडीत टाका म्हणे."

"म्हंजे माह्या धवळ्याच्या घामाले किंमत होती. थे तुमी चिंचेनं धुऊन टाकली!" गोपिकानं पैसा हिसकला आणि पुन्हा गळपट्ट्यात शिवला.

पोळ्याच्या दिवशी धवळ्याची जोडी तोरणापुढे उभी राहिली. मागच्या जोडीचा मालक मनोहरराव, मार्तंडचा चुलतभाऊ, वाकून पाहू लागला.

"हा आपला पैसा नोय! काळा कुठी हाये? खरा लाखाले इकला यानं, आन् नवा बांधून आणला!"

लोकांनी माना डोलावल्या. लाख! दोघं-तिघं तर मार्तंडकडे आदरानंच पाहू लागले. मनोहररावानं आपली जोडी पुढे दामटली. आरतीचं ताट हातात घेऊन गोपिका नवऱ्याकडे पाहत राहिली. आणि हा शहाणा गप्प! गप्प राहिलं तर लखपती म्हणून मिरवता येत होतं, खरं बोललं तर नाक कापलं जात होतं.

"बोला," ती म्हणाली. "नाही तं मी सांगन, अख्खं."

मार्तंडनं एकदा धवळ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग डोळे मिटून ओरडला, "इकला नाही गा! खराच हाये! म्याच चिंचेनं घासला, आन् कोनी घेतला नाही! मोडीत टाक म्हणे!"

सारा पोळा खदाखदा हसला. तोरण धरून उभा असलेला म्हातारा धोंडबा डोळे पुसत म्हणाला, "सोताले एवढं येडं ठरवाले कोनी खोटं बोलत नाही. मनोहरा, हट मांगं. जाऊ दे धवळ्याले."

धवळ्या तोरणाखालून डुलत पहिला गेला. गळ्यातला पैसा उन्हात उगाच चमकत होता. मार्तंड मान खाली घालून कासरा धरून चालला होता.

"आता पुन्हा काळा व्हाले तीन पिढ्या लागतीन," गोपिका त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमच्या गळ्यात बांधला असता, पण तुमाले घाम येते कुठी?"