पोळ्याच्या रंगाखालचे नाव

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता, वलगावच्या एका घराच्या ओट्यावर, गोपालने माझ्या झाकणावर थिनरचा बोळा फिरवला आणि रंग खरवडायला ब्लेड लावले. मुदत संध्याकाळी पाचची होती.

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. या घरात मला ‘आबाची विमानपेटी’ म्हणतात. आबा म्हणजे पंजाबराव. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलाच्या एका स्क्वाड्रनमध्ये विमानांची इंजिने दुरुस्त करायचे. त्या स्क्वाड्रनच्या माणसांच्या घरच्या आठवणींचे पुस्तक आता निघते आहे. पंजाबरावांची पणती, म्हणजे गोपालची मुलगी वर्षाली, हिला ते मोबाईलवर कळले. संपादकांची अट एकच होती: आज पाचपर्यंत नाव आणि सेवा क्रमांक हवा, आणि त्याचा पुरावा हवा. पंजाबरावांचे कागद वाळवीने कधीच खाल्ले. उरले होते माझे झाकण. नाव आणि नंबर त्याच्यावर आहेत, असे पंजाबरावांची मुलगी बेबीताई लहानपणापासून मानत आल्या होत्या; त्यावरची पांढरी अक्षरे त्यांनी तेव्हा पाहिली होती.

“माय, किती थर हाय हे!” गोपाल आईला म्हणाला. “एवढ्या रंगात दोन घरं रंगली असती.”

“तू बोलू नको, खरवड,” बेबीताई म्हणाल्या. त्या पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत. “जिनगीभर लोकायनं मले हिणवलं. वांगे इकणाऱ्याची पोरगी, बाप म्हणे इमानात होता! आज छापून येऊ दे.”

मी अस्वस्थ होते. त्या रंगाखाली नाव होते, हे खरे. पण ते पंजाबरावांचे नव्हते.

माझा जन्म १९४२ चा, अंबाल्याच्या बाजारातल्या एका दुकानात. मला विकत घेतले ते मोर्शीच्या गोवर्धनने. तोही इंजिन फिटर. विमानांवर अक्षरे काढणाऱ्या पेंटरने माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचे नाव, नंबर आणि गाव घातले. रंग विमानाचाच होता, म्हणून टिकला. पुढची तीन वर्षे मी गोवर्धनच्या खाटेखाली होते. शेजारची खाट पंजाबरावांची. बराकीत पंजाबी, मद्रासी, बंगाली, सगळे होते. हे दोघे आपसात वऱ्हाडी बोलायचे आणि मोठ्याने हसायचे.

फेब्रुवारी १९४५ मध्ये गोवर्धन एका मालवाहू विमानातून ब्रह्मदेशातल्या पुढच्या धावपट्टीकडे निघाला. विमान पोचले नाही. सापडलेही नाही. ऑफिसने ‘बेपत्ता’ लिहिले. सामान घरी पाठवायची वेळ आली, तेव्हा पंजाबराव म्हणाले, मी नेतो, त्याचे गाव माझ्या गावाजवळच आहे.

१९४६ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला मोर्शीला नेले. गोवर्धनची आई मैनाबाई दारात उभी होती. तिने झाकण उघडले, आतला स्वेटर घेतला आणि झाकण लावून टाकले.

“पेटी ने तू वापस,” ती म्हणाली. “मी घेतली तं तो मेला असं होईन. तो येईन अन् तुह्याजवळून घेईन. तवर गंज चढू देऊ नको.”

पंजाबरावांनी मान हलवली. मी वलगावला आले.

त्या वर्षीच्या पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाल्यावर डब्यात रंग उरला. तो त्यांनी मला दिला, नाव तेवढे सोडून. मग दर पोळ्याला तेच. आधी शिंगे, मग मी. अकरा वर्षे नावाच्या कडेने त्यांचा ब्रश बोटाच्या अंतराने फिरायचा. १९५७ च्या पोळ्याला ते तापाने अंथरुणावर होते. त्यांची बायको मनकर्णा हिने मोठ्या हौसेने सगळे झाकण हिरवेगार करून टाकले. घरात इंग्रजी वाचणारे दुसरे कोणी नव्हते. ती अक्षरे तिला जुने डाग वाटली. पंजाबराव उठून आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “चांगला देला.” त्यानंतर रंग देताना त्यांनीही नाव सोडले नाही.

१९७२ च्या दुष्काळात शिंगे रंगली नाहीत, तेवढे एक वर्ष मी कोरडी राहिले. माझ्या पोटात भोपळ्याचे, दोडक्याचे, पालकाचे बी असायचे. माझ्यात राहिलेला गोवर्धनचा पाना गोपाल अजून मोटारपंपाला वापरतो. २०१४ मध्ये बैल विकले, रंग थांबला आणि माझ्या तळाला गंज लागला. पंजाबराव त्याच्या कितीतरी आधी गेले. त्यांनी घरात कोणाला काही सांगितले नव्हते.

दुपारी सव्वादोनला रंगाचा जाड पापुद्रा अख्खा निघाला. त्याच्या कडेला वर्षे दिसत होती: लाल, निळा, हिरवा, पुन्हा लाल. खाली पांढरी अक्षरे. वर्षाली वाकून वाचू लागली. सगळ्यात खालची ओळ आधी दिसली.

“मोर्शी,” ती म्हणाली. “आजी, आबा तं वलगावचे ना?”

“पुढं वाच.”

वर्षालीने नंबर वाचला. मग नाव वाचले. 

“गोवर्धन कोण?” गोपालने विचारले.

 बेबीताई ओट्याच्या कडेला बसल्या. “मंग काय माह्या बापानं दुसऱ्याची पेटी चोरून आणली?” त्या म्हणाल्या. “अन् मी गावभर सांगत फिरली?”

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! मी खडखडलेसुद्धा नाही. गोपालने ब्लेड खाली ठेवले. साडेतीन झाले. वर्षालीने मोबाईल पालथा ठेवला.

“मोर्शी,” बेबीताई मग स्वतःशीच म्हणाल्या. “आबा दिवाळीले मले घेऊन जात मोर्शीले. टोपलंभर भाजी घेऊन. एक बुढी होती. तिले दिसत नव्हतं. माह्या तोंडावरून हात फिरवे अन् आबाले एकच इचारे.”

“काय?”

“पेटीले रंग देला का रे?”

गोपालने हातातला बोळा पाहिला. “तं तो रंग तिच्यासाठी होता?”

“नाही तं काय, तुह्यासाठी?” बेबीताईंनी डोळे पुसले. “मैनाबाई नाव होतं. पोराची वाट पाहे. मले आता आठवून राहिलं.”

“आजी, पण आता काय पाठवू?” वर्षाली म्हणाली. “आबाचा नंबर तं नाहीच. हे पाठवलं तं पुस्तकात गोवर्धनचं नाव येईन. आबाचं नाही.”

बेबीताईंनी झाकणावर तळवा ठेवला. 

“जे लिहिलं हाय ते पाठव,” त्या म्हणाल्या. “खाली लिही, पेटी वलगावच्या पंजाबरावनं सांभाळली. छापो का ना छापो.”

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी फोटो गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आले. गोवर्धन हे नाव त्यांच्या यादीत होते. पुढे ‘घरचा पत्ता लागला नाही’ एवढेच. पंजाबराव नावाची नोंद त्यांना अजून सापडली नव्हती. छपाई एक दिवस थांबवतो, काही मिळाले तर कळवा, असे त्यांनी लिहिले होते.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील. त्यांना जपा, तेलपाणी करा, रंगही द्या. पण त्यावर काही लिहिलेले असेल, तर आधी ते कोणाकडून तरी वाचून घ्या. मला कोणी टाकून दिले नव्हते. प्रेमाने जपता जपताच माझ्यावरचे नाव झाकले जात होते.

गोपाल आता रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन माझ्यासमोर बसला आहे. नाव सोडून भोवतीने रंग देणार आहे. वर्षालीने मोर्शीला एका ओळखीच्या घरी फोन लावला आहे. गोवर्धनच्या घरचे कोणी उरले आहे का, हे ती विचारते आहे. पलीकडून कोणीतरी “थांबा, पाहून सांगतो” म्हणाले. सहा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. ती अजून थांबली आहे.