पहिली घागर

लातूरला जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं, तरी भुजंगरावांच्या माडीवर एकही साहेब राहायला आला नव्हता. आला असता तर मिळकत अशी होती : महिन्याला चारशे भाडं, आणि वर तीन महिन्यांची अनामत, म्हणजे बाराशे. त्यातले आठशे माडीच्या राहिलेल्या गिलाव्याला आणि चारशे केवळाबाईच्या डोळ्याला, अशी वाटणी नवरा-बायकोत ठरली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उदगीरला जाऊन काढून यायचं, एवढंच तिचं मागणं. भुजंगरावांचा जन्म आडतीवर दिवाणजी म्हणून गेलेला, त्यामुळे ते गिलावा आधी बोलायचे आणि डोळा मागून.

चैत्रात पुरवठा खात्यातले एक साहेब घर बघायला आले. त्या उन्हाळ्यात लोक खोल्या नंतर बघत, आधी हौदात डोकावत. साहेब डोकावले आणि म्हणाले, "घर झकास आहे. पण हौद अर्धाच? भरला की कळवा."

नळ पाच दिवसांनी तासभर येई. शेजारच्यांचे हौद त्या तासात तुडुंब होत, भुजंगरावांचा अर्ध्यावर अडे. पाणी जमिनीखालच्या नळीतच कुठं तरी मुरत होतं. नळवाल्या पंढरीनं न्हाणीतली फरशी उचकटली, नव्वद रुपये घेतले आणि सांगितलं, "मालक, इथं तर ठणठणीत कोरडं हाय. दुसरीकडं खांदून बघू का?"

"खांद की! सगळं घरच खांद. मग साहेबाला तंबू देतो राहायला!"

पाणी कुठं जातं, याचा केवळाबाईला अंदाज होता. पण ती बोलली नव्हती.

मागच्या भिंतीला लागून धुरपताबाईचं घर. दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेली, एकटी बाई. तिच्या अंगणात जुना आड होता. गल्लीतले सगळे आड माघातच आटले, हा एकटा टिकला. नळ नसलेल्या चौदा घरच्या बायका तिथं घागरी लावत, आणि धुरपताबाई कुणाकडून पैसा घेत नव्हती. केवळाबाईला आडाचा काठ नीट दिसायचा नाही, म्हणून पहिली घागर धुरपताबाई स्वतः शेंदून तिच्या कमरेवर द्यायची. भुजंगराव धुरपताबाईशी अदबीनं बोलत, तिच्या मुलीच्या लग्नात त्यांनी अकरा रुपये आहेरही केला होता. पण घर बौद्धाचं, तिथलं पाणी ते पीत नसत. म्हणून केवळाबाई घागर उतरवताना "पलीकडच्या गल्लीतल्या मठातून आणलं" म्हणायची, आणि ते दोन तांबे गटागटा प्यायचे.

नळ आला की दुसऱ्या दिवशी आड हातभर चढतो, हे केवळाबाईनं तीनदा बघितलं होतं. अंधुक डोळ्यांनीही ते दिसत होतं.

अखेर कुणीतरी उदगीरच्या चंद्रप्पाचं नाव सांगितलं. पाणीपुरवठ्यात हयात गेलेला म्हातारा. पुरुषभर उंचीची लोखंडी सळई, तिच्या एका टोकाला पितळेची वाटी. टोक जमिनीला लावायचं, वाटी कानाला. जमिनीखालचं पाणी त्याला ऐकू येतं म्हणे.

"शंभर रुपये, यष्टीचं भाडं चौदा," चंद्रप्पा ओट्यावर बसत म्हणाला. "आनि एका टायमाचं पानी."

"पाणी कशापायी?"

"नळ आल्यावर हौदाचा कॉक बंद करायचा. नळी दाबानं फुगली पायजे, तवाच ती बोलती. एक तांब्याबी भरायचा न्हाई."

पाच दिवसांचं पाणी सोडायचं म्हटल्यावर भुजंगरावांचा चेहरा उतरला. "ते शंभरात धरा की."

"आवो, मी काय पानी उदगीरला घेऊन चाललोय?"

नळाच्या दिवशी अकरा वाजता गल्लीत भांड्यांचा गलका उठला. भुजंगरावांच्या घरात मात्र कुणी पाऊल वाजवत नव्हतं. चंद्रप्पा चार-चार पावलांवर सळई टेकत चालला. दारापाशी काही नाही. बोळात काही नाही. मागच्या भिंतीपाशी तो थांबला, आणि वाटीवर कान दाबून डोळे मिटून उभा राहिला.

"अव्वा, या हिकडं," त्यानं केवळाबाईला बोलावलं. "ऐका."

तिनं कान लावला. चुलीवर दूध उतू जाण्याआधी करतं तसा बारीक आवाज येत होता.

"जोड निसटलाय. पानी भिंतीखालून पल्याड चाललंय," चंद्रप्पा म्हणाला. "पल्याड काय हाय?"

भुजंगरावांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं जमिनीकडं.

"आड हाय," ती म्हणाली.

चंद्रप्पानं भिंतीवरून डोकावून बायकांची रांग बघितली. "मी हुडकून दिलं. बुजवायचं का न्हाई, तुमी ठरवा."

आता बोलायची वेळ केवळाबाईची होती. चौदा घरांचं पाणी आहे, पाऊस पडेतो राहू द्या, एवढं बोलली असती तरी भुजंगरावांनी ऐकलं नसतंच म्हणा. पण ती बोललीच नाही. तिच्या डोळ्यापुढं उदगीरचा दवाखाना होता.

पंढरीनं त्याच दिवशी भिंतीपाशी खणलं, जोड बदलला, मजुरीसकट दीडशे घेतले. पुढच्या नळाला हौद काठोकाठ भरला. साहेब आले, बाराशे मोजले, आणि करारात लिहून घेतलं की हौदाचं पहिलं पाणी त्यांचं. आडात आठ दिवसांनी चिखल उरला.

धुरपताबाई मुलीकडं निलंग्याला निघाली. टँकरच्या रांगेत उभं राहणं आता तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. कुलूप लावून ती केवळाबाईकडं किल्ली द्यायला आली.

"वैनी, त्या म्हाताऱ्याला सळईतून ऐकू आलं म्हनं. तुमाला तर आदीच ठाव होतं की."

केवळाबाई किल्ली पदराच्या गाठीत बांधू लागली.

"मलाबी ठाव होतं. पान्याला नळातल्या पावडरीचा वास यायचा. दवाखान्यात जलम गेला माजा, वास का कळत न्हाई?" धुरपताबाईनं पिशवी उचलली. "म्हनून तर पयली घागर तुमची. तुमचंच होतं, तुमाला आदी. येते."

भुजंगरावांनी त्या संध्याकाळी हिशोब मांडला आणि बायकोला वाचून दाखवला. चंद्रप्पाचे शंभर, यष्टीचे चौदा, फरशीचे नव्वद, जोडाचे दीडशे. एकूण तीनशे चौपन्न.

"हे कशातून वळते केले?" तिनं विचारलं.

"डोळ्यातून. गिलावेवाल्याला शब्द देऊन बसलोय ना."

म्हणजे भुजंगरावांच्या पदरचा एक पैसा गेला नाही. डोळ्याच्या नावावर सेहेचाळीस रुपये उरले, आणि धुरपताबाईच्या दाराची किल्ली. बाकीची किंमत धुरपताबाईनं घर सोडून भरली होती, तिची वहीत नोंद नव्हती.